कापल्यावर कड कुणाची

सीवूड्स,
३ डिसेंबर

चि. भाविका,

आशीर्वाद तुला सकाळ-संध्याकाळ देतेच, तेव्हा इथे परत लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर त्यावर एकच टिक येते. म्हणून कागद घेतला. तुझी आई आज स्टेशनबाहेर माशांची टोपली घेऊन बसली आहे, तिच्याच हाती देते. ती म्हणाली, "मना पोस्टमन केलास काय गो ताई? चिठ्ठीला म्हावऱ्याचा वास येल हां." म्हटलं येऊ दे, दिवाळे कोळीवाड्याच्या मुलीला त्याचं काय.

इकडे सगळं ठीक आहे. लग्नसराई आली, त्यामुळे फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग पडला आहे. तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणायचीस, तो सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घेतला. तुझी पुस्तकं होती तशीच आहेत. आठ दिवसांत तू काही न्यायला आली नाहीस, म्हणून विचारते, पाठवून देऊ का?

पेढे वाया गेले नाहीत, ते आपल्या वॉचमनला, मिथुनला दिले. "दीदी पास हो गई?" असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. काय सांगणार?

आता तुझ्या पीएच.डी.च्या परीक्षेच्या त्या दिवसाबद्दल. तू फळ्याजवळ उभी होतीस आणि मी मागच्या बाकावर होते, तेव्हा मला तिथून कसं दिसलं ते सांगते. तुझं सगळं बोलून झालं. तुझे सर खूश दिसत होते. बाहेरून आलेले परीक्षक सर घड्याळाकडे बघत होते. मग सरांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" ते नुसतं विचारायचं म्हणून विचारतात, कुणी उठत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तोंडी परीक्षेला घरचे लोक येतात, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसतात आणि टाळ्या वाजवतात, एवढंच त्यांचं काम. मी उठले. तू इतकी वर्षं माझ्या मशीनशेजारी बसून मला सगळं समजावलंस, त्यातलंच एक विचारलं. म्हटलं, बंद आणि सलग आकृतीचे मोजता येतील असे बंद तुकडे करता येत नाहीत, असं ते प्रमेय आहे ना? मग प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तू तसे तुकडे केलेस, ते कसे?

शंका आली, विचारली. शिकलेल्या माणसांत बसल्यावर विचारू नये का?

परीक्षकांचं लक्ष माझ्या बोलण्याने तिकडे गेलं आणि त्यांनी पुढचे प्रश्न काढले, हा योगायोग. ते प्रकरण त्यांनी पुन्हा लिहायला सांगितलं, जानेवारीत पुन्हा परीक्षा ठेवली. एवढंच ना? पोलंडची संशोधनाची जागा मार्चपासून आहे. जानेवारीत पास झालीस तरी जाता येईल. त्यासाठी घर सोडून जायचं काय कारण?

भाऊजींना सांग, पायाला तेल लावत जा.

तुझी,
मालती काकी


सीवूड्स,
११ डिसेंबर

चि. भाविका,

काल तुझे बाबा येऊन गेले. नामा भाऊजी माझ्या घरी एरवी कधी बसत नाहीत. दारात उभे राहून बोलतात आणि जाळं सुकत टाकलंय म्हणून निघतात. काल मात्र बसले. चहा निवला तरी कप हातात धरून होते.

"वैनी, पोर जेवत नाय. सकाळपासून आईसंग म्हावरा साफ करतंय. मी बोललो, तुझी वही कुठंय गो? तर बोलते, बाबा, मना ते समजत नाय, समजलं असं उगाच वाटत व्हतं. जानेवारीला जानार नाय. पोलंडला पन नाय."

मी चहा गरम करायला हात पुढे केला, त्यांनी कप सोडला नाही. भाऊजी म्हणाले, "मना तुमचा इषय कळत नाय. पन मना सांगा, माझी पोर खरंच चुकली काय? तुमी विचारलात म्हनून विचारतो. तुमी तिच्यासंग शिकलात."

मग उठले आणि कप मोरीत ठेवून गेले. आपल्याकडे कुणी पुरुष आपला कप मोरीत ठेवत नाही, एक तुझे काका ठेवायचे.

भाविका, तू चुकली नाहीस. आणि मी तुला जे पत्र पाठवलं ते खोटं आहे. तू ते टाकून दिलं असशील तर बरंच झालं.

मला शंका आलेली नव्हती.

हे लिहून झाल्यावर मी उठून एक साडी पूर्ण केली. आता परत बसले आहे. नीट लिहिते, कारण भाऊजींनी विचारलं त्याचं उत्तर फक्त मला ठाऊक आहे. ते मी दिलं नाही तर तू जन्मभर स्वतःला मठ्ठ समजशील.

ते प्रमेय तू मला साडीवर शिकवलंस. आठवतं? तू म्हणालीस, काकी, अखंड साडी घे. तिचे तुकडे कर, पण अट अशी की प्रत्येक तुकड्याला स्वतःची पक्की कड हवी, म्हणजेच तो बंद हवा, दोन तुकड्यांत एकही धागा सामाईक नको, आणि साडीतला एकही धागा वाया जायला नको. मी हसले. म्हटलं, अगं, कात्री चालवली की कड कच्ची राहते. ती पक्की करायची तर पिको मारावं लागतं आणि पिकोत कापड जातं. तू टाळी वाजवलीस. "हेच! दोन तुकडे करता येत नाहीत. दहाही नाही. एक, दोन, तीन, चार असे न संपणारे तुकडे केलेस तरी नाही." त्या दिवशी मी गिऱ्हाइकाची साडी वेळेत दिली नाही.

मग तू सांगितलंस की रेघ कापली की कापायचा बिंदू एकाच बाजूला जातो. ज्या बाजूला तो गेला तिला टोक आहे. दुसऱ्या बाजूला टोक नाही, सुरुवातीचा असा बिंदूच नाही, कितीही मागे गेलीस तरी त्याच्याही मागे आणखी एक असतोच. मी तेव्हा मशीन थांबवून तोंड धुवायला गेले. तुला वाटलं मला कंटाळा आला. तुझे काका दुपारी गेले, शेजारच्या खोलीत, झोपेत, आणि मी मशीन चालवत होते. कुठल्या टाक्याला ते गेले मला ठाऊक नाही. त्यांच्यानंतर माझ्याकडे जे आयुष्य आलं आहे त्याला पहिला टाका नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली होती, पण ती अंदाजाने. तू गणित म्हणून सांगितलंस आणि मला बरं वाटलं. का ते मला अजून सांगता येत नाही.

तर प्रमेय मला येत होतं. त्यातली अटही येत होती. आकृती नुसती सलग असून भागत नाही, ती कॉम्पॅक्टही हवी, म्हणजे तिच्यातून काही निसटून बाहेर जायला वाट नको. काका म्हणायचे, "कॉम्पॅक्ट म्हणजे आपला वन-बीएचके. हात लांब केला की भिंत." तू किती हसली होतीस. आणि चौथ्या प्रकरणातली तुझी आकृती कॉम्पॅक्ट नाही. ती एका बाजूने दूर दूर जात राहते. प्रमेय तिला लागूच होत नाही, म्हणूनच तिचे तुकडे होऊ शकतात आणि म्हणूनच ते प्रकरण लिहिण्यासारखं आहे. हे तू मला गणपतीच्या आधी सांगितलं होतंस, मोदकाचं सारण ढवळताना. मला पटलं होतं. मी उठून प्रश्न विचारला तेव्हाही पटलेलंच होतं.

मग का विचारला? सांगते.

त्या सकाळी तू माझ्या निऱ्या धरून बसली होतीस. निळी नारायणपेठी, काकांनी बेलापूरच्या ऑफिसात कायम झाल्यावर घेतलेली. तू ती अर्धी मागितली होतीस, तिथल्या थंडीत गळ्याभोवती गुंडाळायला. मी म्हटलं होतं, अख्खी ने. तू म्हणालीस, "अख्खी नेली तर तुझ्याकडे काय राहील?" मी कापायचं लांबवत होते आणि त्या दिवशी मुद्दाम तीच नेसले, म्हणजे निदान परीक्षा होईपर्यंत ती कापायला नको. तर निऱ्या धरता धरता तू म्हणालीस, "काकी, मी गेले की माझी खोली भाड्याने दे. सीवूड्सला मॉलमधल्या मुली खोल्या शोधतच असतात. तुला सोबत होईल."

तू चांगल्या मनाने बोललीस. मला सोबत व्हावी म्हणून.

हॉलमध्ये बसले आणि तू बोलू लागलीस. इतकं छान बोलत होतीस की मला कळलं, ही आजच पास होणार, आत्ता टाळ्या होतील, आणि त्याच क्षणी खोली रिकामी होईल. सरांनी विचारलं आणि मी उठले. एक महिना, एवढंच मनात होतं. कुणाला तरी शंका यावी, काहीतरी पुन्हा तपासावं लागावं, एक महिना पुढे जावा. तू नापास व्हावीस असं मनात नव्हतं. पण भाविका, नव्हतं असं म्हणून मी सुटत नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. "नाही काकी, ती कॉम्पॅक्ट नाही," एवढं बरोबर उत्तर दिलंस. तिथेच संपायला हवं होतं. पण माझ्याकडे बघताना तुझा चेहरा असा झाला, जसा तू लहान असताना अंगणात कुणी खेळातून काढल्यावर व्हायचा. परीक्षक सर सावध झाले. म्हणाले, "ती सलग आहे हे तरी दाखवा." आणि तू अडलीस. आकृती काढलीस, पुसलीस, परत काढलीस. मला ते उत्तर पाठ होतं. मी मागच्या बाकावर पेढ्यांचा डबा धरून बसून राहिले.

घरी येऊन तू बॅग भरलीस. जाताना एकच म्हणालीस, "काकी, तुला तरी पटलं होतं असं मला वाटलं होतं." त्यावर मी "पटलं होतं" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हटलं, "छत्री घे." डिसेंबर जवळ आलेला, बाहेर लख्ख ऊन.

तू आमच्याकडे अकरावीला आलीस, शांतपणे अभ्यास व्हावा म्हणून. आम्हाला मूल नव्हतं. तुझ्या आईबाबांनी तुला दिली नव्हती, फक्त ठेवली होती. तो फरक काका कधी विसरले नाहीत. मी विसरले.

ते उत्तर खाली लिहिते. तुझंच आहे, मी फक्त सांभाळून ठेवलं होतं.

समज, कुणी तुझ्या आकृतीचे दोन बाजूंना दोन वेगळे ढीग केले. प्रत्येक तुकडा स्वतः सलग, म्हणून तो अख्खा कुठल्या तरी एकाच ढिगात पडणार. आता पहिला तुकडा घे. दूरचे तुकडे येऊन येऊन त्याच्या अंगाला लागतात, म्हणून तेही त्याच ढिगात. त्यांच्यामुळे पुढचे, त्यांच्यामुळे त्याहून पुढचे. शेवटी सगळे एकाच ढिगात, दुसऱ्यात काहीच उरत नाही. म्हणून आकृती सलग.

तू हे मला तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा न अडता सांगितलंस. त्या दिवशी अडलीस ती गणितात अडली नव्हतीस.

परीक्षेला जा. माझ्यावर राग ठेवूनच जा, तो कमी करायला मी सांगत नाही.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं आहे, ते मी तोंडाने देऊ शकले नाही.

मालती


सीवूड्स,
२६ डिसेंबर

भाविका,

माझं पत्र परत मिळालं. तुझ्या आईने, सुमित्राने, टोपलीच्या खालून काढून दिलं आणि म्हणाली, "घे गो तुझी चिठ्ठी. पोरीनं काय तरी लिवलंय त्याच्यावर. चांगलं का वाईट, ते मना नको विचारू." सुरमईसाठी भाव करणारी एक बाई शेजारी उभी होती. तिच्यासमोरच मी पत्र उलगडलं.

मला वाटलं तू शेवटी काहीतरी लिहिलं असशील. शेवट कोराच होता. मग तिसऱ्या पानावर पेन्सिल दिसली. "अंगाला लागतात" यावर तू रेघ मारली आहेस आणि वर लिहिलं आहेस: "लागत नाहीत. लागले तर तुकडे वेगळे कसे? फक्त हवं तेवढं जवळ येतात. आणि ते का येतात हे सिद्ध करावं लागतं, तिथेच मी अडले होते."

चूक मान्य आहे. मी पाठ केलं होतं, समजलं नव्हतं.

ती सुरमईवाली बाई म्हणाली, "काय झालं हो, वाईट बातमी का?" मी नाही म्हटलं. सुमित्रा तिला म्हणाली, "तिच्या पुतनीनं तिला लाल शाई दावली. चला, सुरमई घेता का नाय?"

तुझी आई म्हणते, तू परवापासून वही काढली आहेस आणि मासे साफ करायला बसत नाहीस. वर म्हणते, "आता कोलंबी कोन सोलनार?" तिला मी ओळखते, ती खूश आहे. मी तुला काही विचारत नाही. पुस्तकं मिथुनच्या हाती रिक्षाने पाठवली आहेत, पोचली असतील.

पहिल्या पत्रातली एक गोष्ट दुसऱ्यातही मी तशीच राहू दिली. लपवायची होती म्हणून. पेढे मिथुनला दिले असं लिहिलं होतं. सगळे दिले नाहीत. तू बॅग घेऊन गेलीस, लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला, आणि मी ओट्याशी उभं राहून डबा उघडला आणि एक पेढा खाल्ला. का खाल्ला ते विचारू नकोस. गोड लागला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं नाही. पण परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली तेव्हा मला क्षणभर जे वाटलं, ते तुला कळायचं तर या पेढ्यावरूनच कळेल. दुसरा शब्द मला सापडला नाही.

जानेवारीत मी हॉलमध्ये येणार नाही. घरचं माणूस म्हणून तुझी आई येईल. तिला सांगून ठेवलं आहे की पेढे नेताना दिवाळ्यातले ने, सीवूड्सचे नको. ती म्हणाली, "मी तिथं बसून करू काय? मना काय कळतंय?" मी म्हटलं, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. आपल्याला तेवढंच करायचं असतं, आणि ते करायला मला जमलं नाही.

तुझी खोली भाड्याने देणार आहे. हे रागाने लिहीत नाही. घराला बाहेर जायची वाट ठेवली नाही की त्यातलं कुणी फाडल्याशिवाय वेगळं होत नाही, हे तुझ्या चौथ्या प्रकरणात लिहिलेलं आहे, आणि मी ते शिकून बसले होते. मॉलमधली एक मुलगी खोली बघून गेली. ती साताऱ्याची आहे, फार बोलते. पंख्याचा आवाज येत नाही म्हणाली.

सोबत पिशवी आहे. निळी साडी गेल्या आठवड्यात कापली. कात्री लावण्याआधी मशीनवर पसरून बराच वेळ बसले होते, ते सोडून दे. पदराकडचा अर्धा तुझा. कापलेल्या बाजूला पिको मारून दिलं आहे, बारीक, निळ्याच दोऱ्याने, म्हणजे तिथल्या थंडीत, वाऱ्यात उसवणार नाही. एकच धागा गेला असेल, जास्त नाही.

माझ्या अर्ध्याला पिको मारलं नाही. गिऱ्हाईक आलं की विचारतं, मालतीताई, स्वतःची साडी अशी कच्ची ठेवलीत? मी हसून विषय बदलते. कापल्यावर कड एकाच बाजूला जाते, हे तूच शिकवलंस. ती तुझ्याकडे दिली आहे.

माझ्या बाजूने धागे सुटतात. सुटू देत. रोज केर काढताना एखादा निळा सापडतो.

काकी